पश्चिमेचा गोल

सासने मास्तरांनी गळ्यातली प्रशिक्षकाची शिट्टी काढली आणि मी धरलेल्या ताटात ठेवली. ताटात नारळ होता, गुलाल होता आणि हौद्यातली मूठभर तांबडी माती होती. माझे दोन्ही हात ताटात गुंतलेले होते म्हणून, नाहीतर शिट्टी मी तिथल्या तिथे उचलून गळ्यात घातली असती.

"झालं माझं," मास्तर म्हणाले. "आठ सामने झाले, सहा हरलो. पोरं माझं ऐकत न्हाईत आणि गुडघंबी ऐकत न्हाईत."

कोल्हापुरात तालीम म्हणजे पुढे कुस्तीचा हौदा आणि मागे फुटबॉलचा संघ. आमच्या उंबर तालमीचा हौदा केव्हाच ओस पडला होता, पण सामन्याच्या दिवशी त्याच मातीचा टिळा लागल्याशिवाय एकही खेळाडू बाहेर पडत नसे. जर्सी रात्रभर मारुतीच्या पायाशी असायच्या. सकाळी प्रशिक्षक एकेकाला नावाने बोलवायचा, कपाळाला माती लावायचा आणि जर्सी हातात द्यायचा. शेजारी ताट धरून सहायक. अकरा वर्षं तो सहायक मी होतो.

लीगचे सात सामने उरले होते. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते आणि आम्ही तळाला होतो. तालीम स्थापन झाल्यापासून संघ कधी खाली गेला नव्हता. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

"मधू, ताट खाली ठेव," तालमीचे अध्यक्ष आबा इंगवले म्हणाले.

मी ठेवलं आणि हात शर्टाला पुसले. आता माझं नाव येणार, म्हणून मान थोडी खालीही घातली. अशा वेळी माणसाने नम्र दिसावं.

"निवासला फोन लावला होता," आबा म्हणाले. "जांभळ्यांचा निवास. पुण्याच्या कंपनीनं रजा दिलीया त्याला, सीझन संपूस्तोवर. मंगळवारी येतोय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आबांनी ताटातली शिट्टी उचलून खिशात घातली.

निवास जांभळे हे नाव मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो आणि मी एकाच गल्लीतले, एकाच वर्षी तालमीच्या संघात आलो आणि नऊ वर्षं बरोबर खेळलो. मी उजव्या बाजूने पळत जायचो आणि बॉल उचलून द्यायचो, तो डोकं लावायचा. एवढंच त्याचं काम. पण गोल झाला की लोक खांद्यावर त्याला घ्यायचे. वर्तमानपत्रात 'जांभळेचा निर्णायक गोल' असं यायचं. बॉल आभाळातून पडला होता की काय, असं कुणी विचारायचं नाही. पुढे त्याच गोलांवर त्याला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. तिथे त्याने प्रशिक्षकाचे कोर्स केले. मी इथेच राहिलो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्याचं मी चालतंबोलतं उदाहरण होतो.

मंगळवारी तो आला तो थेट आमच्या घरी. "काय मर्दा, पोट सुटलं की तुझं!" म्हणत मला मिठी मारली आणि स्वयंपाकघरात डोकावून ओरडला, "वहिनी, पांढऱ्या रश्श्याचा वास कोपऱ्यापतूर आलाय."

शैला, माझी बायको, हसत बाहेर आली. "बसा भावजी. किती वाळलाय. पुण्यात काय खायला घालत न्हाईत व्हय तुम्हाला?"

जेवायला बसलो. मटणात नळी एकच होती. आमच्या घरात नळी माझी, हे लग्नापासून ठरलेलं. शैलाने पळी भांड्यात फिरवली, नळी शोधली आणि निवासच्या ताटात वाढली. त्याने ती चोखली, ताटावर आपटली, पुन्हा चोखली. मी भाकरी मोडत बसलो. पाहुण्याला वाढलेली नळी मोजणारा माणूस किती क्षुद्र असतो ते मला ठाऊक आहे, कारण तो माणूस मीच.

"मधू, तू हैस म्हणून मी व्हय म्हटलं," निवास म्हणाला. "आबांना सांगितलं, मधू संगं असंल तरच येतो. मला आता इथलं काय ठाऊक? तू सांगशील तसं करायचं."

हे तो मैदानावरही करायचा, आणि तेच मला जास्त डाचायचं. पोरांना समोर बसवून म्हणायचा, "मधूला विचारा. मधू म्हणंल तसं." मला वाटायचं, हा आपला मोठेपणा मिरवतोय. आयत्या बिळावर येऊन बसलेला नागोबा आता मुंग्यांना म्हणतोय की, वारूळ तुमचंच आहे हो.

पोरं मला अकरा वर्षं 'मधूदा' म्हणत होती. त्याला तिसऱ्या दिवशी 'सर' म्हणायला लागली. सरावात मी काही सांगितलं तर 'व्हय मधूदा' म्हणायची आणि नजर निवासकडे वळवायची. तो मान हलवायचा, मग पळायची.

आमचा गोलकीपर सर्जेराव होता, कागलकडच्या एका खेड्यातला, पहिल्याच वर्षाचा. हाताला बॉल लागला की आधी सोडायचा आणि मग धरायचा. मास्तरांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, मी तर त्याहून घातल्या होत्या. निवासने त्याला एका शब्दाने दुखवलं नाही. रोज सगळे गेल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर उभा राहून बॉल मारत राहिला. एका रविवारी त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईच्या हातची आंबील पिऊन आला. पुढच्या सामन्यात सर्ज्याने पेनल्टी अडवली आणि धावत येऊन निवासच्या गळ्यात पडला. मी निवासच्या शेजारीच उभा होतो. सर्ज्याचा कोपर माझ्या नाकाला लागला, बस्स.

आम्ही दोन सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एक हरलो. गल्ली पुन्हा बोलायला लागली. म्हातारे कट्ट्यावरून हाक मारायचे, "निवास, चहा घेऊन जा रं!" मी शेजारी दिसत असूनही. सामन्याच्या सकाळी मी ताट धरायचो आणि तो टिळे लावायचा. त्याचा हात पोरांच्या कपाळावर जरा जास्त वेळ थांबायचा. मी मनात म्हणायचो, एकदा तोंडावर आपट, लेका. एकदाच.

आता त्या मैदानाबद्दल सांगायला हवं. गोल पूर्वेला आणि पश्चिमेला. पश्चिमेच्या गॅलरीला पत्र्याचं छप्पर आहे, त्यामुळे हंगामभर दुपार कलली की सूर्य छपराआड जातो आणि त्रास कुणालाच होत नाही. पण त्या छपराला मधोमध एक मोठी फट आहे, जिन्यासाठी सोडलेली. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शिमग्याच्या आगेमागे, सूर्य बरोबर त्या फटीत उतरतो. सव्वापाच ते पावणेसहा. त्या अर्ध्या तासात पूर्वेच्या गोलात जो उभा असेल, त्याला उंच आलेला बॉल दिसतच नाही. वर्षाकाठी एखाददुसराच सामना या दिवसांत पडतो, म्हणून लोक विसरतात. मी विसरत नसे. खेळत असताना मी कॅप्टनला सांगून पहिल्या हाफला पूर्वेचा गोल घ्यायला लावायचो, म्हणजे दुसऱ्या हाफला समोरचा कीपर उन्हात. मग सव्वापाचला मी बॉल वर टाकायला सुरुवात करायचो. निवासने त्या दिवसांत मारलेले कितीतरी गोल त्या फटीने मारलेले होते. निवासला यातलं काही ठाऊक नाही, याची मला खात्री होती. त्याला फक्त गोल दिसायचा. बॉल कुठून येतो याचा विचार त्याने कधी केला होता?

शेवटचा सामना रंगपंचमीच्या आदल्या दिवशी पडला, बुरूज तालमीशी. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. हरलो तर खाली.

त्या सकाळी ताट घेऊन मी मारुतीसमोर उभा राहिलो, तेव्हा निवास म्हणाला, "मधू, आज तू लाव टिळे."

"मी? का?"

"लाव की. इतकी वर्षं ताट धरलंयस."

पोरं आमच्याकडे बघत होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे हा मला देणार! माझंच मला, आणि तेही उपकार म्हणून!

"प्रशिक्षक तू हैस," मी म्हणालो. "रीत मोडायची न्हाई."

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मातीत बोट बुडवलं.

दुपारी मैदानाच्या कडेला सगळे रिंगण करून उभे होतो. गॅलऱ्या खच्चून भरल्या होत्या, आमच्या पेठेचे भगवे-निळे झेंडे नाचत होते. टॉससाठी आमचा कॅप्टन महेश घोडके निघाला. निवासने त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "मधू, टॉस जिंकला तर कुठला गोल घ्यायचा? तू सांग."

अठरा पोरं माझ्याकडे वळली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पूर्वेचा, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी झोपेतही दिलं असतं. पण मला निवासचा चेहरा दिसला. घामाने टिळा ओघळलेला, उत्सुक, मोकळा चेहरा. मला दिसलं की आज हा वाचवणार, लोक याला खांद्यावर घेणार, मी पुन्हा खाली उभा राहून टाळ्या वाजवणार. आणि बॉल पुन्हा मीच टाकलेला असणार.

"पश्चिमेचा," मी म्हणालो. "पहिल्या हाफला ऊन कडक असतंय. सर्ज्याची पाठ उन्हाकडं ऱ्हाऊ दे. दुसऱ्या हाफला सूर्य जातोय छपराआड."

निवासने छपराकडे पाहिलं. चार-पाच सेकंद असतील. मग म्हणाला, "ऐकलं न्हवं महेश? पश्चिमेचा."

महेशने टॉस जिंकला. शेवटपर्यंत मला वाटत होतं की हरेल, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. जिंकला.

पहिल्या हाफला आमची पोरं वेड्यासारखी खेळली. निवास कडेने पळत ओरडत होता, "अजून! अजून एक! आत्ताच मारा, आत्ता!" एवढी घाई का करतोय, असं मला वाटलं. दोनदा बॉल गोलच्या बारला लागला, पण गोल झाला नाही. हाफटाइमला शून्य-शून्य. निवासने सर्ज्याला बाजूला घेतलं, स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि तिचा पुढचा भाग खाली ओढला.

सव्वापाचला सूर्य फटीत आला. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, तरी मला कळलं, कारण आमच्या अर्ध्या मैदानावर पिवळा पट्टा पडला. सर्ज्या एक हात कपाळावर धरून उभा होता. पहिला उंच बॉल त्याने अंदाजाने बाहेर ढकलला. दुसरा त्याच्या मुठीला लागून कॉर्नरला गेला. मी मनात म्हणालो, अडव रे सर्ज्या. खरंच म्हणालो. हवं ते समोर आल्यावर ते नको होतं.

पाच वाजून बत्तीस मिनिटांनी बुरूज तालमीच्या पोराने साधा बॉल टाकला, नुसता वर उचललेला. सर्ज्याने दोन्ही हात वर केले. बॉल त्याच्या हातांच्या वीतभर पलीकडून गोलात पडला. त्याला तो पडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. मागे वळून तो जाळीकडे बघत राहिला.

एक-शून्यने हरलो. तालीम खाली गेली.

सामना संपल्यावर खोलीत कोण कुणाच्या पायावर पाय देतंय याचा पत्ता नव्हता. सर्ज्या कोपऱ्यात टोपी तोंडावर धरून रडत होता. आबा आत आले ते ओरडतच. "कुठल्या गाढवानं पश्चिमेचा गोल घ्यायला सांगितला? आँ? टॉस जिंकून उन्हात उभं केलंसा पोराला?"

महेशने माझ्याकडे पाहिलं. अजून दोघातिघांनी पाहिलं.

"मी सांगितला," निवास म्हणाला.

"सर, पण..." महेश म्हणाला.

"मी प्रशिक्षक हाय न्हवं? मग मीच सांगितला. चूक माझी, आबा."

त्याने शिट्टी काढून आबांच्या हातात ठेवली. बाहेर लोक थांबले होते. ज्यांनी चहाला हाका मारल्या होत्या तेच आता त्याच्या घराण्याचा उद्धार करत होते. त्या गर्दीतून तो एकटा चालत गेला. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला, आमच्या घरी न येता. शैलाने दोनदा विचारलं, "भावजी जेवून न्हाई गेलं?" मी म्हणालो, घाईत होता.

मला त्याची कीव आली का? खरं सांगतो, नाही. माझं नाव लपवून तो पुन्हा माझ्यापेक्षा उंच होऊन गेला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हरतानासुद्धा हा बॉल माझ्याकडे ठेवत नाही.

जूनमध्ये आबांनी शिट्टी मला दिली. मी बारा वर्षं प्रशिक्षक राहिलो. तिसऱ्या वर्षी संघ वर आणला, माझी मिरवणूक निघाली, मला खांद्यावर घेतलं. वरून गल्ली कशी दिसते ते मी एकदाचं पाहिलं. सर्जेराव मात्र त्या सामन्यानंतर परत आलाच नाही. आता गावी त्याची पिठाची चक्की आहे म्हणे.

गेल्या शिमग्याला, म्हणजे चोवीस वर्षांनी, निवास अचानक दारात उभा राहिला. केस सगळे पांढरे, हातात काठी. "चल मर्दा, मॅच हाय म्हणं आज." मधल्या काळात आम्ही लग्नाकार्यात भेटलो होतो, पण बोलणं इकडचं तिकडचं. मी त्याला घेऊन गेलो. दोन दुसऱ्याच तालमींचा सामना होता. आम्ही कडेच्या पायरीवर बसलो, मधे शेंगांचा पुडा.

दुसरा हाफ सुरू झाला. निवास शेंगा सोलत होता. एकदम त्याने मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि पश्चिमेच्या गॅलरीकडे बोट केलं.

"सव्वापाच," तो म्हणाला. "बघ, आला फटीत. आता टाकायचा बॉल वर."

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय?"

"हे. फटीचं."

तो हसला. "नऊ वर्षं तू सव्वापाचलाच बॉल वर टाकायला लागायचास. मला काय वाटायचं, मारुती सांगतोय तुझ्या कानात? मी तर दुसऱ्याच वर्षी उन्हाचा अंदाज घेऊन उभा ऱ्हायला लागलो. कंपनीत पोरांना सांगायचो, माझे निम्मे गोल मधूच्या डोक्यातले हैत."

"मग त्या दिवशी मला का विचारलंस?"

त्याने पुडा माझ्याकडे सरकवला. "पोरं तुझ्याकडं बघतच नव्हती रं. मला दिसत होतं. सकाळी टिळे लाव म्हटलं तर तू लावले न्हाईस. म्हटलं, टॉसचं तरी तुझ्या तोंडनं होऊ दे. तुझं तर पाठ होतं ते. म्हटलं, जिंकलो तर सांगता येईल सगळ्यांना, मधूनं जिंकून दिली."

मैदानात कुणीतरी बॉल बाहेर मारला. लोक ओरडले.

"आणि मी पश्चिम म्हटल्यावर? खोडायचं होतंस."

"सगळ्यांदेखत विचारलं होतं की. सगळ्यांदेखत खोडलं असतं तर तुझं पुढं कुणी ऐकलं असतं व्हय? मी दोन महिन्यांचा पाव्हणा. तालीम तुलाच सांभाळायची होती. म्हटलं, पहिल्या हाफला एक गोल मारला की झालं." त्याने पूर्वेच्या गोलाकडे पाहिलं. "बारला लागला दोनदा."

मी म्हणालो, "निवास, मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सांगितलं मी."

त्याने हातातली शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले, सालं फुंकून उडवली आणि अर्धे दाणे माझ्या हातावर ठेवले.

"सर्ज्याकडं जाऊन ये एकदा," तो म्हणाला. "मी जात असतो. त्याला अजून वाटतंय, त्याच्यामुळं तालीम खाली गेली. मी किती सांगितलं तरी पटत न्हाई त्याला. तू सांगितलंस तर पटंल."

मी हो म्हणालो. मला लाज वाटली, भर उन्हात घाम सुटेस्तोवर वाटली. पण तिच्याही आधी, दाणे हातावर पडले तेव्हा, मला वाटला होता तो हेवाच. हा माणूस असं वागू शकतो आणि मी नाही, याचा.

संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला थांबला. शैलाने मटण केलं होतं. सकाळी कागलकडे, सर्ज्याच्या गावी जायचं आमचं ठरलं, पहिल्या एसटीने, दोघांनी. शैलाने भांड्यात पळी फिरवली, नळी शोधली आणि उचलली. खोटं कशाला बोलू, माझी नजर त्या पळीच्या मागोमाग गेली.